उणे वीसमध्ये तासन्‌तास एका जागी बसायचं आहे, शिकारीचे उबदार बूट घेऊ का?

कासवमित्र_हर्णै

नमस्कार मंडळी. मी दापोली तालुक्यात हर्णैजवळ राहतो, माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. हिवाळ्यात पहाटे किनाऱ्यावर कासवांची घरटी शोधत फिरणाऱ्यांपैकी एक. जानेवारीच्या शेवटी हिमाचलातल्या स्पितीत किब्बरला चाललो आहे, हिमबिबट्या बघायला. गाव साधारण ४,२०० मीटरवर आहे. रात्री पारा उणे वीस-पंचवीसपर्यंत उतरतो. बारा वर्षं हे मनात होतं, पैसे साठवून आणि रजा जोडून यंदा जमतंय.

अडलंय ते बुटांवर. ट्रेकचे चांगले बूट माझ्याकडे आहेत, पण हिमबिबट्या बघणं म्हणजे चालणं नव्हे. सकाळी डोंगराच्या सोंडेवर जायचं, तिवईवर दुर्बीण लावायची आणि समोरच्या दरीतली एकेक कपार चाळत चार-पाच तास बसायचं. हललात तर भरलांचा (जंगली मेंढ्यांचा) कळप बुजतो, आणि कळप बुजला की त्याच्या मागावर असलेला बिबट्याही गेला.

सहा वर्षांपूर्वी डिसेंबरात उत्तराखंडात चोपत्याला मोनाल पक्षी बघायला गेलो होतो. वाटेत दिल्लीतल्या एका दुकानात ‘उणे ४०’ अशी चिठ्ठी लावलेले बूट घेतले. चढताना पाय घामाने भिजले आणि वर जाऊन बसल्यावर पाऊण तासात उजवा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झाली. घरी आल्यावरही तीन आठवडे बोटांच्या टोकांना नीट संवेदना नव्हती. पहाटे अनवाणी पुळणीत चालताना बाकी पायाला ओली वाळू कळायची, त्या तीन बोटांना कळायची नाही. तेव्हा मी खरंच घाबरलो होतो.

वाचताना लक्षात आलं की कॅनडा-अमेरिकेत हरणांच्या शिकारीला बसणारी माणसं नेमकं हेच करतात, माचाणावर न हलता तासन्‌तास बसतात. त्यांच्यासाठी वेगळे बूट मिळतात आणि त्यांवर २००, ४००, ८००, १२०० ग्रॅम असे आकडे असतात. शिकारीशी माझा काही संबंध नाही. आजोबांच्या वेळी आमच्या गावात पारधीला माणसं जमायची, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद झालं याचा मला आनंदच आहे. पण बूट त्या कामासाठी बनलेले असले तर घालायला माझी हरकत नाही.

तर, हे ग्रॅम म्हणजे नक्की काय आणि मला किती हवेत? रबरी चांगले, चामड्याचे, की आत नमद्याचा (दाबलेल्या लोकरीचा) मोजा असलेले? आणि माझे पाय पुढे रुंद आहेत. सातवीपर्यंत कातळावर अनवाणी वाढलो, पंजा फाकलेला आहे. नऊ नंबर टाचेला बसतो, पण करंगळी दाबते. मेहुणा डिसेंबरात टोरांटोहून येतोय, तिकडून आणू शकेल. बारा-चौदा हजारांपर्यंत जाईन.

वेंगुर्लेकर_एडमंटन

नमस्कार सर. मी मूळचो वेंगुर्ल्याचो, सतरा वर्षां झाली हंयसर कॅनडात. बाकीचं सगळ्यांना कळेल असं लिहितो.

इथे नोव्हेंबरात मी परवाना काढून हरणाच्या शिकारीला जातो. तुम्हाला ते पटणार नाही याचा मला आदर आहे, आपण पायांपुरतं बोलू. कारण पायांनी मला पहिल्या तीन वर्षांत खूप छळलंय. कोकणातल्या माणसाला थंडी म्हणजे पहाटे अंगावर चादर ओढायची, एवढीच माहीत. पायाला थंडी लागते म्हणजे काय हे मला इथे येऊन तिसाव्या वर्षी कळलं.

आधी ग्रॅमचं. हे वजन बुटाचं नसतं. आत जो कृत्रिम धाग्यांचा उबदार थर असतो (बहुतेक ठिकाणी थिन्सुलेट), त्याच्या एक चौरस मीटर कापडाचं ते वजन. आकडा मोठा म्हणजे थर जाड, म्हणजे त्यात अडकलेली हवा जास्त. ऊब ती हवा राखते. गोधडी पांघरली की ऊब आपल्याच अंगाची असते, गोधडी ती फक्त जाऊ देत नाही. बुटाचं तेच. आत गेलेला पाय आधीच गार आणि ओला असेल तर १२०० ग्रॅमही काही करू शकत नाही.

दोनशे ग्रॅम चालत राहणाऱ्याला पुरतात. चारशे म्हणजे थोडं चालणं, थोडं थांबणं, आणि पारा शून्याच्या आसपास. आठशेपासून बसणाऱ्याचे बूट सुरू होतात. तुमच्यासारखं चार-पाच तास बसायचं असेल तर हजार-बाराशे, किंवा त्याऐवजी जाड नमद्याचा सुटा मोजा असलेले. चिठ्ठीवरच्या ‘उणे ४०’ वर विसंबू नका. सगळ्या कंपन्या एकाच पद्धतीने ते मोजत नाहीत आणि बऱ्याचदा माणूस हलतोय असं धरलेलं असतं. हलणारा माणूस शेगडीसारखा असतो, बसलेला माणूस विझत आलेल्या निखाऱ्यासारखा.

तुमच्या चोपत्याच्या हकिगतीत खरी चूक बुटांची नव्हती असं मला वाटतं. बसायचे बूट घालून तुम्ही चढलात. जाड बुटात चढलं की पाय घामाने भिजणारच, आणि थांबलात की तोच घाम पायातली ऊब ओढून नेतो. इथले जाणते लोक काय करतात सांगतो. जंगलात चालत जाताना हलके बूट घालतात आणि जाड बूट पाठीवर बांधून नेतात. जागेवर पोचले की लगेच बसत नाहीत. हलके बूट काढायचे, भिजलेले मोजे काढायचे, पाय कोरड्या फडक्याने पुसायचा, पिशवीतले कोरडे लोकरी मोजे घालायचे आणि मगच जाड बूट. पाच मिनिटं लागतात. मी हे सुरू केलं त्या वर्षापासून माझे पाय गारठले नाहीत, बूट तेच जुने होते. सर, या सगळ्या पत्रातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

प्रकाराचं म्हणाल तर तुमच्या कामाला नमद्याचा सुटा मोजा असलेलेच घ्या. खाली रबर, वर चामडं किंवा नायलॉन, आणि आतला नमदा बाहेर काढता येतो. किब्बरला सलग सात-आठ दिवस राहणार, खोलीत बुखारी (लाकडाची शेगडी) संध्याकाळपुरती. आतला थर शिवलेला असेल तर तो वाळणार कधी? नमदा काढून रात्री बुखारीपासून हातभर लांब टांगायचा आणि झोपताना झोपायच्या पिशवीत घ्यायचा, म्हणजे सकाळी पाय गरम मोज्यात जातो. पूर्ण रबरी बुटात बाहेरचं पाणी येत नाही तसा आतला घामही जात नाही. दलदलीत बदकांसाठी बसणाऱ्यांना ते ठीक. चामडं आणि गोरटेक्सवाले (पाणी रोखणाऱ्या पण घामाची वाफ जाऊ देणाऱ्या अस्तराचे) चालायला उत्तम, पण ते काम तुमचे ट्रेकचे बूट करतीलच.

आता माप, आणि इथे तुमच्या रुंद पंज्याचं मला खरंच महत्त्व वाटतं. घट्ट बूट सगळ्यात थंड. थर दाबला गेला की हवा गेली, आणि पाय दाबला गेला की रक्त गेलं. मोजे घालून बोटं आत मोकळी हलवता आली पाहिजेत. आपला नऊ म्हणजे तिकडचा दहा, म्हणून मेहुण्याला तिकडचा अकरा नंबर सांगा आणि रुंद मापाचा, तिकडे खोक्यावर ‘डबल ई’ असं लिहिलेलं असतं. दुकानात जाऊन आणायला सांगा, तुमच्या पायाचा कागदावर काढलेला आकार त्याला पाठवा. संध्याकाळी काढा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. मोजे एक पातळ, त्यावर एक जाड लोकरी, बस. तीन-तीन जोड चढवले की पाय आवळला जातो. सुती मोजे घरीच ठेवा.

बोटांना ऊब देणाऱ्या ज्या पुड्या मिळतात त्यांत लोखंडाची भुकटी असते, ती गंजताना ऊब देते. गंजायला प्राणवायू लागतो. घट्ट बुटात कोंबलीत तर ती मरते, आणि ४,२०० मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या साठ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तिथे ती तशीही मंद चालणार. सोबत असू द्या, भरवसा ठेवू नका.

सुभेदार_खेड (निवृत्त)

गुरुजी, जय हिंद. मराठा लाइट इन्फंट्रीत होतो, द्रासला दोन हिवाळे काढलेत. बुटांबद्दल वरच्या दादांनी लिहिलंय ते बरोबर आहे. मी फक्त बोटांबद्दल सांगतो.

दुखतंय तोवर बोट जिवंत आहे. दुखायचं थांबलं आणि तुम्हाला बरं वाटायला लागलं, तो क्षण धोक्याचा. आमच्याकडे जोडीदार ठरलेला असायचा. दर तासाला तो विचारायचा, ‘बोटं हलतात का?’ उत्तर आलं नाही तर बूट तिथेच उतरवायला लावायचा. रात्री प्रत्येकाचे पाय टॉर्चने बघितले जायचे. कातडी पांढरी, मेणासारखी किंवा करडी दिसली तर लपवायची नाही, ही सक्त ताकीद होती. तुम्हीही गटात जोडीदार ठरवा. बिबट्या समोर असला तरी विचारायला लावा.

बोट बधिर झालं तर चोळू नका. बर्फाने तर मुळीच नाही, ती जुनी समजूत घातक आहे. शेकोटीजवळ किंवा बुखारीला पाय लावू नका, बधिर पायाला चटका कळत नाही. नाडी सैल करा, मोजा बदला, पाय जोडीदाराच्या पोटाशी नाहीतर काखेत धरा. मुक्कामी आल्यावर कोमट पाणी, ३७ ते ३९ अंश, कोपर बुडवून बघितलं तर सोसवेल इतकंच. पुन्हा गारठणार असाल, तर मधेच वितळवू नका. वितळून पुन्हा गोठलेलं बोट जास्त बिघडतं. आणि कातडी पांढरी पडून टणक झाली असेल तर घरगुती उपाय नको, जवळच्या काझा गावच्या दवाखान्यात जायचं.

तंबाखू, विडी तिथे बंद. रक्तवाहिन्या आकसतात. पाणी पीत राहा, तहान लागत नाही तिथे. आणि तुमची तीन बोटं आधी गारठलेली आहेत. एकदा मार खाल्लेलं बोट दुसऱ्यांदा लवकर मार खातं, हे मी स्वतःच्या डाव्या पायावरून सांगतो. म्हणून उजव्या पायाकडे दुप्पट लक्ष.

मिरकरवाड्याची_ताई

सर, मी कधी बर्फ बघितलेला नाही, पण चौदा वर्षं मासळीच्या कारखान्यात काम केलंय, त्यात चार वर्षं शीतगृहात. आत उणे १८ असतं. खोके मोजायला, उचलायला आत जावं लागतं.

सगळे बुटाच्या आतल्या थराचंच बोलतायत. आमचा अनुभव असा की थंडी तळव्यातून येते. हवा गार लागते ती वेगळी आणि लादीवर उभं राहिलं की खालून जी ओढते ती वेगळी. चालताना तेवढं कळत नाही, मोजणी करायला एका जागी उभं राहिलं की पंधरा मिनिटांत टाचेपासून वर चढत येते. आम्ही पायाखाली मासळीच्या थर्माकोलच्या खोक्याचं झाकण घ्यायचो. ज्या झाकणाने बर्फ रात्रभर टिकतो तेच झाकण पायही टिकवतं. तुमच्या हर्णैला लिलावात ढिगाने पडलेली असतात. एक नेलंत तर वजन काही नाही. खडकावर किंवा बर्फावर पाय टेकून बसाल त्याच्याखाली ठेवा, आणि बुडाखालीही काहीतरी हवंच.

दुसरं म्हणजे बूट आणलेत की तिकडे जाऊन पहिल्यांदा घालू नका. ओळखीने एखाद्या शीतगृहात बसून बघा. पण एकट्याने आत जायचं नाही, दाराबाहेर माणूस पाहिजे आणि त्याला वेळ सांगून ठेवायची. एका वेळी अर्धा-पाऊण तास, त्याहून जास्त नाही. आत जाताना पाय घामेजलेले नसू देत, बाहेर आपल्याकडे बत्तीस अंश असतात हे विसरू नका.

कातळवाट_चिपळूण

ट्रेकला माणसं नेतो म्हणून एक सांगतो, जे कॅनडातल्या माणसाला भोगावं लागत नाही आणि आपल्याला लागतं. मोहीम झाली, बूट कपाटात ठेवले, दोन-चार वर्षांनी काढले आणि तळवा हातात रव्यासारखा आला, हे मी माझ्या आणि गटातल्या सहा जणांच्या बुटांचं बघितलंय. तळव्याच्या मधला थर बऱ्याच बुटांत पॉलियुरेथेनचा (एका जातीच्या फोमचा) असतो, आणि दमट हवेतली वाफ तो आतून तोडत राहते. वापरलं नाही म्हणून टिकलं असं त्याच्याबाबतीत नसतं, उलट पडून राहिलेला जास्त लवकर जातो. आपल्या चार महिन्यांच्या पावसात तर बघायलाच नको. वरून चामड्याला बुरशी.

त्यामुळे कोणाचे जुने बूट उसने घेणार असाल तर आधी तळवा अंगठ्याने दाबून आणि बूट वाकवून बघा, भेगा दिसल्या तर नको. नवे घेताना खाली अखंड रबर आणि ईव्हीएचा (दुसऱ्या जातीच्या फोमचा) थर असलेले बघा, त्याला हा रोग लागत नाही. परत आल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. नमदा वेगळा काढून, बुटात वर्तमानपत्र कोंबून, भिंतीला न टेकता उंचावर. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी कागद बदला. मी तर म्हणेन पुढच्या हिवाळ्यात कोणी जाणारा असेल तर त्याला देऊन टाका. असे बूट आपल्या हवेत साठवण्यापेक्षा पायांत फिरलेले बरे.

कासवमित्र_हर्णै

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढ्या आपुलकीने कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. सुभेदारसाहेब, तुमचा मजकूर कागदावर उतरवून गटातल्या पाचही जणांना वाचून दाखवला. माझी जोडीदार आमच्यातली वयाने सगळ्यात लहान मुलगी आहे, कारण ती विचारायला लाजणार नाही.

वेंगुर्लेकर दादा, एक शंका. जाड बूट पाठीवर न्यायचे म्हणजे दोन-अडीच किलो जास्त. त्या उंचीवर ते जमेल का?

वेंगुर्लेकर_एडमंटन

जमेल. बसायची जागा गावापासून किती लांब आहे ते वाटाड्याला आधीच विचारून ठेवा. आणि वजन कमी करायचंच असेल तर तिवईचं करा, बुटांचं नको. हिमबिबट्या दिसेल तेव्हा तुमचं लक्ष पायांकडे असता कामा नये.

कासवमित्र_हर्णै

कळवायचं म्हणून लिहितो. मेहुण्याने तिकडचा अकरा नंबर, डबल ई, नमद्याचा सुटा मोजा असलेले बूट आणले. पायाचा कागद घेऊन तो दोन दुकानं फिरला. खाली रबर आहे, पॉलियुरेथेन नाही, हे खोक्यावर बघून घेतलं.

गेल्या शनिवारी रत्नागिरीला बहिणीकडे गेलो होतो. एका जुन्या विद्यार्थ्याच्या ओळखीने मासळीच्या शीतगृहात बसायची परवानगी मिळाली. तो स्वतः दाराशी घड्याळ घेऊन उभा होता. आत काट्यावर उणे १९ होतं. सुरमई आणि माकूळच्या खोक्यांमधे स्टुलावर बसलो, हातात वही आणि पेन्सिल, कारण पेन चालणार नाही हे माहीत होतं.

पहिल्या वेळी पाय थेट लादीवर ठेवले. वीस मिनिटं काही नाही. पंचविसाव्या मिनिटाला दोन्ही तळवे गार वाटू लागले, बोटं मात्र ठीक होती. पस्तिसाव्या मिनिटाला बाहेर आलो. ताई म्हणाल्या तसंच, थंडी खालूनच आली. तासभर बाहेर थांबलो, पाय पुसले, मोजे बदलले, आणि पायाखाली थर्माकोलचं झाकण घेऊन पुन्हा आत गेलो. या वेळी चाळीस मिनिटं बसलो आणि तळव्यांना काही जाणवलं नाही. फक्त तिसाव्या मिनिटाला उजव्या पायाची ती दोन बोटं दुखायला लागली. नाडी बघितली तर घोट्याच्या वरची गाठ मी सवयीने करकचून बांधली होती. सैल केली आणि बोटं आत हलवत राहिलो, दहा मिनिटांत दुखणं गेलं. वहीत लिहिलंय, ‘उजवा, वरची गाठ सैल.’

मंगला एक्सप्रेसचं तिकीट पक्कं झालंय, रत्नागिरीहून दिल्ली, पुढे सिमला आणि किन्नौरमार्गे काझा, कारण मनालीकडचा रस्ता तेव्हा बंद असतो. काझाला दोन दिवस उंचीची सवय करून मग किब्बर. काल संध्याकाळी हर्णैच्या लिलावानंतर दोन झाकणं घेऊन आलो. धुऊन उन्हात टाकलीत, बांगड्याचा वास अजून आहे. एक पायाखाली, एक बसायला. सॅकच्या मापाने कापून ठेवलीत.

मार्चच्या सुरुवातीला घरट्यांतून पिल्लं बाहेर यायला लागतात, त्याआधी परत येईन. आल्यावर इथे लिहीन.